पुरात बुडालेला लेथ घरी आणून चालू करायचा तर

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. समा भागात आमच्या तळमजल्यावर दीड फूट पाणी होतं, आणि नदीच्या आणखी जवळ असलेल्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये छातीएवढं. शेडच्या मालकांनी पुढे धंदाच आवरला. दसरा झाला आणि ओळखीच्या भंगारवाल्या भाईंचा फोन आला, "काका, साडा चार फूटनो लेथ आव्यो छे. तोडावुं ते पहेलां जोई जाओ."

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मी ३१ वर्षं टूलरूम फिटर होतो. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत व्हाइस, बेंच ग्राइंडर आणि बेंच ड्रिल एवढ्यावर काम चाललं होतं. लेथ, म्हणजे वस्तू फिरवून कातायचं मशीन, नसला की एका बोटभर बुशसाठी (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीसाठी) कुणाच्या तरी शेडमध्ये जाऊन तासभर ताटकळावं लागतं. मी गेलो, पाहिला, आणि ५४० किलोचे किलोला ४२ रुपयांनी २२,६८० रुपये मोजून घरी आणला. चालू करायला पाच महिने लागले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पुतणी शनिवार-रविवार हाताखाली होती. तिला जे सांगत गेलो ते इथे लिहितो. ड्रिल असो, शेपर असो, बरंचसं तसंच लागू पडतं.

तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, जुन्या मशीनला दोन प्रकारची दुखणी असतात. काही अपघाताची: गंज, गाळ, जाम झालेले नट. ती सगळी काढायची. काही वयाची, म्हणजे झीज. ती आधी मोजायची आणि कामाला नडत असेल तरच तिला हात लावायचा. झिजून बाद झाली त्यापेक्षा जास्त मशिनं मी हौशी दुरुस्तीत बाद झालेली पाहिली आहेत.

घेण्याआधी काय पाहायचं

जाताना टॉर्च, चुंबकी स्टँडसकट डायल गेज (शतांश मिलिमीटर दाखवणारं घड्याळी माप), छोटी हातोडी आणि एक लाकडी दांडा नेला. लेथ राजकोटकडचा, कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीचा), सपाट पट्ट्यावर चालणारा. स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य शाफ्ट, गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) बुशमध्ये. सगळ्यावर पिवळट गाळाचा थर. माल बघणाऱ्याची पहिली नजर गंजावर जाते, पण गंज हा सगळ्यात स्वस्त दोष. महाग दोष म्हणजे बिडाला (ओतीव लोखंडाला) गेलेला तडा. हातोडीने हलके ठोके द्या. अखंड बीड टणकन वाजतं, तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. हेडस्टॉकचा (स्पिंडल धरणाऱ्या डोक्याचा) पाया, क्रॉस स्लाइडमधल्या (आडव्या सरकणाऱ्या भागातल्या) टी खाचांच्या कडा आणि टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाच्या आधाराचा) तळ नक्की वाजवून पाहा. जड वस्तू पडून किंवा बोल्ट अति आवळून तिथेच तडे जातात.

मग बॅक गिअरचे, म्हणजे वेग कमी करणाऱ्या गिअरचे, दात मोजायचे. एखादा तुटला असेल तर तो भरता येतो, नवीन गिअर कापून घेता येतो, फक्त भाव त्याप्रमाणे पाडावा. आटे पाडण्याच्या चेंज गिअरचा संच पूर्ण आहे का ते विचाराच. मशीन भंगारात जाताना हे गिअर वेगळ्या डब्यात राहून जातात. मी भाईंना परत त्या शेडमध्ये पाठवलं तेव्हा एका गंजलेल्या ऑइलच्या डब्यात नऊ गिअर सापडले.

बेडची, म्हणजे लेथच्या लांब पाठीची, झीज पाहायची साधी युक्ती अशी. सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ (कातायची वस्तू पकडणाऱ्या जबड्याजवळ) आणून त्याच्या गिबचे (ढिलाई काढायच्या पट्टीचे) स्क्रू इतके आवळायचे की तो जेमतेम सरकेल. मग टेलस्टॉककडे ढकलत न्यायचा. तो जिथे अडकतो तिथपासून पुढचा बेड कमी झिजलेला. आमचा साधारण दीड फुटावर अडकला. घरकामाला चालण्याजोगं. चकच्या खाली दांडा घालून उचलून पाहिलं तर डायलवर ०.०८ मिमी खेळ दिसला. तोही चालण्याजोगा, कारण बुश दोन भागांत होता आणि त्याच्या कॅपखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, होते.

स्पिंडल मात्र मी तिथे फिरवला नाही आणि कुणाला फिरवू दिला नाही. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ बुशमध्ये असतो. तो असताना एक फेरा फिरवणं म्हणजे आपल्याच हाताने बुशमध्ये पॉलिश पेपर फिरवणं.

एचएमटी किंवा मैसूर किर्लोस्करचा लेथ स्वस्तात मिळत असेल तर मोह होतो. दोन्ही जातिवंत मशिनं, त्यांच्यावर मी आयुष्य काढलं आहे. पण त्यांचे बरेचसे मॉडेल टनाच्या वर जातात आणि मोटर थ्री फेजची असते. घरची फरशी, दार आणि वीजजोडणी बघूनच ठरवा.

आणताना

लेथ वरून जड, खालून अरुंद, आणि हेडस्टॉककडे झुकलेला. सॅडल आणि टेलस्टॉक दोन्ही शेवटच्या टोकाला सरकवून आवळून टाकले की तोल बराच सुधारतो. पट्टा बेडच्या खालून घ्या. लीडस्क्रूला (सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) किंवा स्पिंडलला दोर बांधून उचलू नका. एकदा वाकलेला लीडस्क्रू सहजासहजी पुन्हा सरळ होत नाही. टेम्पोतून चेन ब्लॉकने उतरवला आणि अंगणातून आत दीड इंची पाइपांवर ढकलत नेला. पहारीने उचलताना पहारीखाली लाकूड घ्यावं, बिडाचा टवका उडायला वेळ लागत नाही. आणि कलंडायला लागलेलं मशीन धरायचा प्रयत्न कुणी करू नये, बाजूला व्हावं. पुतणीला हे तीनदा सांगितलं.

आधी पाणी, मग रॉकेल

सवयीने आपण धुवायला रॉकेल घेतो. ग्रीसला ते ठीक, पण वाळलेला गाळ म्हणजे माती, आणि माती तेलात सुटत नाही. रॉकेल ओतलं की तिचा चिखल होतो आणि फटींत आणखी आत जातो. म्हणून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने एकेक भाग धुतला. पाणी म्हटल्यावर मशीनवाल्याच्या पोटात गोळा येतो, पण जे दोन दिवस नदीत होतं त्याला अर्धा तास स्वच्छ पाण्याने काही होत नाही. होतं ते नंतरच्या आळसाने. धुतलं की लगेच फडक्याने कोरडं, मग डिझेलचा हात, मग ऊन, मग तेल. ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात भाग चटका बसेल इतका तापतो. पण तेवढ्या वेळात चहाला गेलात तर तांबूस गंजाची झाक धरलेली असते.

उघडताना

फोटो काढा हे सगळेच सांगतात. मी त्यात एवढंच जोडतो की फोटोत स्टीलची पट्टी ठेवून काढा, म्हणजे कुठला बोल्ट किती बाहेर होता तेही कळतं. आणि शिम. हेडस्टॉकच्या कॅपखाली डाव्या-उजव्या बाजूला किती शिम आहेत हे मोजून, सुतळीत ओवून, चिठ्ठी बांधून ठेवा. पूर्वी एका मशीनचे शिम माझ्याकडून एकत्र झाले होते आणि तो बुश बसवायला दोन दिवस गेले.

खरी परीक्षा टेपर पिनांची. हँडल, गिअर, कॉलर शाफ्टवर बसवताना आरपार बारीक खिळ्यासारखी पिन असते, आणि ती एका बाजूला किंचित जाड असते: मिलिमीटर पद्धतीत ५० ला १, इंची पद्धतीत फुटाला पाव इंच. जाड बाजूवर ठोकलं तर ती आणखी घट्ट बसते, आणि जोर वाढवला की शाफ्ट वाकतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, व्हर्नियरने मोजा, बारीक बाजूवर पंच ठेवा आणि एकच नेमका ठोका द्या. हलके शंभर ठोके पिनेचं डोकं फुलवतात. पुतणीने एका पिनेवर बराच वेळ घालवला. मग म्हणाली, "काका, दोन्ही बाजू सारख्याच दिसतायत." मोजल्यावर ४.९ आणि ५.३ निघाले. डोळ्याला नाही दिसत, पण व्हर्नियरला दिसतं.

जाम झालेल्या नटाला निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि निम्मं अ‍ॅसिटोन हलवून घाला, रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने पाना फिरवा. गंजाची पकड सुटते, मग उलटा फिरवा. अ‍ॅसिटोन घातलं असेल तर जवळपास बत्ती नेऊ नका. पाना नीट बसत नसेल तर जोर करू नका. जुन्या मशीनवर व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, नट असतात आणि मिलिमीटरचा पाना त्यांचे कोपरे खातो.

चक निघत नव्हता. स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा जुना चक महिनोन्‌महिने गंजला की तसाच बसून राहतो. इथे बहुतेक जण एक चूक करतात, आणि उमेदवारीत असताना मीही केली: बॅक गिअर लावून, पिनही लावून स्पिंडल लॉक करायचा आणि चक पिळायचा. सगळा जोर गिअरच्या दोन दातांवर येतो. माझे दोन्ही उडाले होते, आणि त्या कारखान्यात नवीन गिअर येईपर्यंत तो लेथ तीन आठवडे उभा होता. यावेळी बॅक गिअर बाजूला केला, कोन पुली मोठ्या गिअरला पिनेने जोडली, पुलीच्या सगळ्यात मोठ्या पायरीवर जुना पट्टा गुंडाळून दोघांनी ओढून धरला. चकच्या जबड्यात जाड फळी. तीन दिवस आट्यांत तेल सोडलं होतं, शेवटी चकच्या मागच्या प्लेटला बत्तीने हात लावता येणार नाही इतकं तापवलं आणि फळीवर लाकडी हातोड्याचा एक जोरदार ठोका घातला. सुटला. हे तापवणं मात्र त्या तेलाचा मागमूस पुसून, दार-खिडक्या उघडून करायचं.

गंज

गंज तीन प्रकारे काढला, आणि कुठे काय वापरायचं यात चूक होता कामा नये.

बेडचे वे, म्हणजे ज्यांवर सॅडल सरकतो त्या पट्ट्या, आणि क्रॉस स्लाइडचा तळ: यांवर फक्त तेल आणि दाढीच्या पात्यासारखं धारदार पातं, जवळजवळ आडवं धरून. गंजाची पापडी निघते, धातू राहतो. उरलेले काळे डाग राहू द्यावेत, ते खड्डे आहेत, त्यांत तेल थांबतं. अँगल ग्राइंडर आणि फ्लॅप डिस्क इथे अजिबात नको. चकाकी येते, पण दहा मिनिटांत पन्नास वर्षांहून जास्त झीज होते, आणि तीही खालीवर. पॉलिश पेपरचे कण बिडात रुतून बसतात आणि पुढे सॅडलला कातत राहतात, म्हणून तोही नको.

हँडल, ब्रॅकेट, चेंज गिअर, बोल्ट यांना विजेचं पाणी. प्लास्टिकचं पिंप, लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचे १२ व्होल्ट. निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला. पॉझिटिव्हला फेकून द्यायचं साधं लोखंड; मी जुने खिडकीचे गज वापरले. दोघांनी एकमेकांना शिवता कामा नये. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो, ब्रशने पुसला जातो. यात दोन गोष्टी जिवाच्या आहेत. स्टेनलेस स्टील पॉझिटिव्हला लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा पिंप अंगणात ठेवा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका, एक ठिणगी पुरते. मिठाचा प्रयोगही नको, त्याने क्लोरीन निघतो.

अगदी बारीक वस्तूंना लिंबाचं फूल (सायट्रिक अ‍ॅसिड), लिटरला ५० ग्रॅम. काही तासांनी बघत राहायचं, रात्रभर विसरायचं नाही. नंतर सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच तेल. कडक केलेल्या स्प्रिंगा यात टाकू नयेत, आम्लाने त्या ठिसूळ होतात.

जुना रंग कोरडा घासू नका. पूर्वी बिडावर अस्तर म्हणून शेंदूर लावत, आणि शेंदूर म्हणजे शिसं. पाणी लावून, मास्क बांधून, कागद पसरून काढा, आणि तो कागद गुंडाळून टाका. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका.

मोजणं, आणि बेडला हात न लावणं

सॅडल काढलेला असतानाच बेड मोजून घ्यावा. आमच्या बेडला टेलस्टॉकसाठी वेगळ्या पट्ट्या आहेत. चकजवळ टेलस्टॉक फारसा जातच नाही, म्हणून तिथे त्या जवळजवळ कोऱ्या राहतात. टेलस्टॉकच्या तळावर डायलचा स्टँड बसवला, टोक सॅडलच्या पट्टीवर टेकवलं आणि टेलस्टॉक सरकवत दर दोन इंचांवर आकडा लिहिला. चकपासून सहा इंचांवर पुढची पट्टी ०.११ मिमी खाली, मागची ०.०४.

पुतणी घाबरली. "काका, अकरा शतांश! बेड ग्राइंड करायला द्यायचा ना?"

मी तिला पाटी घ्यायला लावली. टूल, म्हणजे कातणारं हत्यार, ०.१ मिमी सरळ खाली गेलं तर २५ मिमीच्या जॉबच्या (कातायच्या वस्तूच्या) व्यासात किती फरक पडेल? तिने पायथागोरसने काढलं: त्रिज्या १२.५ ची १२.५००४ झाली, म्हणजे व्यासात एक मायक्रॉनही नाही. तेच टूल ०.१ मिमी आडवं सरकलं असतं तर व्यासात सरळ ०.२ मिमी. मग दुष्ट काय आहे? पुढची पट्टी मागच्यापेक्षा ०.०७ ने जास्त खाली आहे, म्हणून सॅडल पुढे कलतो आणि टूल जॉबपासून दूर होतं. पट्ट्यांमधलं अंतर १८० मिमी, टूलची उंची १६५. म्हणजे टूल साधारण ०.०६४ आडवं सरकतं, आणि व्यास ०.१३ ने वाढतो. हे सगळ्यात वाईट जागी. पण मी जे बुश करतो ते ४० मिमी लांबीचे. तेवढ्या अंतरात हा फरक एक-दोन शतांश मिलिमीटरचा, तो शेवटच्या कटाला पॉलिश पेपरने जातो.

बेड ग्राइंड केला असता तर सॅडल खाली बसला असता. मग लीडस्क्रूची उंची, रॅक-पिनियनचा मेळ, टेलस्टॉकची उंची, सगळं पुन्हा जुळवायला लागलं असतं. फूटभर लांब शाफ्ट काटेकोर कातायचे असतील तर तो खर्च करावा. मला नको होता, आणि घरी काम करणाऱ्या बहुतेकांना नकोच असतो.

बुश

माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था. आज तिथे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. आजोबांनी जुन्या तिकोनी कानशीचा घासून केलेला स्क्रेपर अजून माझ्याकडे आहे, आणि या लेथमध्ये तो फक्त बुशवर वापरला.

बुश धुऊन, खाचांतला गाळ काडीने कोरून काढला. तेलाच्या वातीचा नमदा काळा ठिक्कर झाला होता, तो टाकून नवा घातला. मग स्पिंडलवर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात, बुशमध्ये ठेवून थोडा फिरवला, उचलला. बुशमध्ये जिथे निळं उमटलं तिथे स्पिंडल टेकतो. उमटलेले ठिपके तेवढेच हलक्या हाताने खरवडायचे आणि पुन्हा तपासायचं. आम्ही असे १४ फेरे केले. निळे ठिपके बुशभर सारखे पसरले की थांबावं. गुळगुळीत आरसा नको असतो, ठिपक्यांच्या मधल्या खोलगट जागी तेल राहतं. मग दोन्ही बाजूंचा ०.०५ मिमीचा एकेक पितळी शिम काढला आणि खेळ ०.०८ वरून ०.०३ वर आला. त्याहून घट्ट करू नका.

तेल ६८ ग्रेडचं साधं मशीन ऑइल. गाडीच्या डिफरन्शियलचं गिअर ऑइल बुशमध्ये घालू नका. त्यातली गंधकाची द्रव्यं गनमेटलला खातात. बेडवर ६८ ग्रेडचंच, पण स्लाइडवे ऑइल, ते चिकट असतं आणि टिकून राहतं. स्पिंडलच्या मागच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये गाळ गेला होता, ते धुऊन वापरायचा विचारही केला नाही, नवीन आणलं. बेअरिंग स्वस्त असतं.

पहिल्यांदा अर्धा तास सगळ्यात कमी वेगाने चालवा आणि दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून हेडस्टॉकवर तळहात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा, बुश घट्ट आहे किंवा तेल पोचत नाही.

क्रॉस स्लाइडच्या नटात पाव फेऱ्याचा खेळ होता. नवा नट पुढे याच लेथवर करायचा आहे. तोपर्यंत हँडल नेहमी एकाच दिशेने आणून आकडा घ्यायचा; मागे घ्यायचं तर अर्धा फेरा मागे जाऊन परत पुढे यायचं. लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा आहे, मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिमी आणि १२७ हा त्याचा पाचपट. भाईंच्या डब्यात तो होता.

मोटर आणि वीज

पुरातली मोटर वाळली म्हणून लावू नका. आत गाळ असतो आणि वार्निशचा भरवसा नसतो. वायंडिंगवाल्याने ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) पाहिलं तर इन्सुलेशन एक मेगाओमच्याही खाली होतं. सरळ पुन्हा भरून घेतली, दोन्ही बेअरिंग बदलली. एक हॉर्सपॉवर, सिंगल फेज, १४४० फेऱ्यांची.

स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचाच घ्या. आमच्याकडे वीज जाते आणि तुमचा हात चकमध्ये असताना परत येते. हा स्टार्टर आपण बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. अर्थिंग नीट, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). पट्ट्यावर जाळी. चालू मशीनवर हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत, गळ्यात ओढणी नाही. पुतणी केसांचा अंबाडा घालून वर टोपी घालते. चकची चावी हातातून सुटली तर ती चकमध्ये नाही, टेबलावर गेली पाहिजे. चष्मा दोघांनाही.

पातळी

पाणसळीने बेड जमेल तेवढा सपाट करा, पण त्यावर थांबू नका. बेडला पीळ असेल तर पाणसळीला तो पुरता दिसत नाही. चकमध्ये चाळीस मिमीचा दांडा दीडशे मिमी बाहेर ठेवून धरा, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग थोडा खाली कातून दोन्ही टोकांना एकेक कडी ठेवा. मग दोन्ही कड्यांवर एकाच सेटिंगने अगदी बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टोकाकडची कडी जाड आली तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम घाला. ती बारीक आली तर मागच्या पायाखाली. आमची पहिल्यांदा ०.०६ ने जाड होती. पत्र्याचे तुकडे घालत, बोल्ट आवळत, पुन्हा कातत संध्याकाळी ०.०१ वर आलो. बायकोने तोपर्यंत दोनदा सेव-उसळ गरम केली होती.

दोन आठवड्यांनी हे पुन्हा तपासा, फरशी बसते.

रंग

रंग शेवटी, आणि त्याला कमी वेळ द्या. राखाडी इनॅमल, दोन हात. जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात तिथे रंगाचा थेंबही नको, तेलाच्या भोकांत काडी खुपसून ठेवा.

काम झालं की कीस ब्रशने झाडून बेडवर तेल. पावसाळ्यात प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर चांगली.

मूळ मोटर लेथच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. तिच्यासाठी हेडस्टॉकच्या मागे अँगलचा घोडा उभा केला. पुतणीने खोलीच्या भिंतीवर पाणी चढलं होतं तिथे ऑइलपेंटने रेघ ओढून खाली "ऑगस्ट २०२४" लिहिलं आहे. मोटर, स्टार्टर आणि सॉकेट त्या रेघेच्या दोन फूट वर आहेत. चेंज गिअरचा डबा त्याच्याही वर, फळीवर.